'सारखे' आणि 'तेच'

नव्या कराराचे भाषांतर हाती घेणाऱ्याला 'सार्क्स' हा ग्रीक शब्द फार लवकर भेटतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्याची पाठ सोडीत नाही. कुठे त्याचा अर्थ अंगावरचे मांस, कुठे देह, कुठे मानवी वंश, तर पौलाच्या पत्रांत अनेकदा मनुष्याचा तो स्वभाव, जो देवाकडे पाठ फिरवून उभा असतो. 'देह' हा एक शब्द सापडला म्हणून तो सर्वत्र बसवीत गेले तर काम झपाट्याने उरकते. परंतु वाक्यामागून वाक्ये खोटी होत जातात. याच शब्दापासून वैद्यकशास्त्राने दोन रोगांची नावे घडविली आहेत. एक 'सार्कोमा', म्हणजे मांसल वाढ; हा कर्करोगाचा एक प्रकार. दुसरा 'सार्कॉइडोसिस'. या दुसऱ्या नावातील 'ऑइड' हे शेपूट ग्रीक 'एइदोस' या शब्दातून आले आहे. त्याचा अर्थ रूप, आकार, सारखेपणा. १८९९ साली नॉर्वेतील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोएक यांनी एका रुग्णाच्या त्वचेवरील गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो त्यांना सार्कोमासारखा वाटला. मात्र तो घातक नव्हता. म्हणून त्यांनी नाव दिले 'सार्कॉइड', म्हणजे सार्कोमासारखा. एखाद्या रोगाच्या नावातच 'हा तो नव्हे, त्याच्यासारखा आहे' अशी कबुली असावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

वाचकहो, वैद्यकाचा हा विषय या पानांवर का, असे आपणांस वाटेल. मी वैद्य नाही, औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ज्याला सार्कॉइडोसिस आहे अशा मनुष्याच्या जठरात काही दुखणे निर्माण झाले, तर ते कर्करोग आहे की नाही हे कसे ठरवावे, या एका अवघड प्रश्नात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. प्रामाणिकपणे बाळगलेली चुकीची समजूत ही निव्वळ चूक, की अपराध? आणि हा प्रश्न केवळ डॉक्टरांना लागू नाही. आजाऱ्याच्या खाटेभोवती उभे राहणाऱ्या आपणां सर्वांना तो लागू आहे.

आधी रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. सार्कॉइडोसिसचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. शरीराच्या रक्षक पेशी काही ठिकाणी एकत्र येऊन बारीक गाठी बनवितात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत फुप्फुसे किंवा छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथी यांत त्या आढळतात. पुष्कळांचा आजार आपोआप ओसरतो. काहींना दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घ्यावी लागतात. क्षयरोगातही ग्रॅन्युलोमाच होतात. फरक इतकाच की क्षयाच्या गाठींचा मध्यभाग बहुधा कुजून पनीरासारखा होतो, सार्कॉइडोसिसच्या गाठींचा तसा होत नाही. क्षयाने ग्रासलेल्या आपल्या देशात हा 'इतकाच' फरक फार महाग पडतो. छातीच्या चित्रातील सुजलेल्या ग्रंथी पाहून महिनोन् महिने क्षयाची औषधे घेतलेले सार्कॉइडोसिसचे रुग्ण येथे अनेक आहेत. म्हणजे ज्याचे नावच 'सारखा' असे आहे त्याला इथे येताच आणखी एक जुळा भाऊ मिळाला.

हा रोग क्वचित जठरातही उतरतो. पचनमार्गात त्याची लक्षणे दिसून येणारे रुग्ण शंभरात एकाहूनही कमी. पण त्यांतल्या त्यात जठर हेच त्याचे नेहमीचे ठिकाण. तेथे तो कधी व्रण करतो, कधी उंचवटे, कधी जठराची भिंत जाड व ताठर करून पोकळी अरुंद करतो. आणि जठराचा कर्करोग काय करतो? नेमके हेच. त्याचा एक प्रकार असा आहे की पेशी एकवटून गाठ न बनविता भिंतीत पसरत जातात व जठर चामड्याच्या बुधल्यासारखे कडक होते. वरचे अस्तर मात्र पुष्कळदा निरोगी दिसते. दुर्बिणीतून वरवरचा तुकडा घेतला तर अहवालात काहीच सापडत नाही, आणि रोग तुकड्याच्या खाली निवांत बसलेला असतो.

जठराचा कर्करोग दुर्मिळ नव्हे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात सुमारे ९ लाख ७० हजार लोकांना तो झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने दगावले. आपल्या देशात मिझोराममधील आयझॉल जिल्ह्यात त्याचे प्रमाण फार मोठे आहे. धुरावलेले मांस व 'तुइबुर' नावाचे, तंबाखूचा धूर मुरविलेले पाणी यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. तेथील बंधुभगिनींना या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. रोग अस्तरापुरता, किंवा त्याच्या लगत खालच्या थरापुरता असताना सापडला तर जपानमधील अनुभवानुसार शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर अगदी थोडे. म्हणजे येथे उशीर हाच शत्रू होय.

आता समजा, पन्नाशी ओलांडलेली एक शिक्षिका आहे. तिला आठ वर्षांपासून सार्कॉइडोसिस आहे. अलीकडे भूक मंदावली, वजन उतरले, जेवण झाले की पोट तटतटते, थकवा वाटतो. कुटुंबाला याचे नवल वाटत नाही. सार्कॉइडोसिसमुळेही थकवा येतो, वजन घटते. आठ वर्षांत हे सर्वांना पाठ झाले आहे. दुर्बिणीतून जठरात एक व्रण दिसतो. घेतलेल्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा आढळतात. सारे जुळले! जुनाच आजार जठरात आला. स्टेरॉइडची मात्रा वाढविली जाते. स्टेरॉइडने भूक वाढते, उत्साह वाटतो, चेहऱ्यावर तजेला येतो. घरात आनंद होतो. आणि दोन-तीन महिने निघून जातात.

यात खोटे कोणीच बोलले नाही. ग्रॅन्युलोमा खरोखर होते. पण ग्रॅन्युलोमा आहेत याचा अर्थ कर्करोग नाही, असा होत नाही; कारण कर्करोगाच्या शेजारी, त्याच्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणूनही ग्रॅन्युलोमा उभे राहतात. शिवाय क्षय, क्रोन नावाचा आतड्याचा विकार, हेलिकोबॅक्टर हा जठरातील जिवाणू, अशी त्यांची इतरही कारणे सांगितली जातात. म्हणून जठराचा सार्कॉइडोसिस हे निदान इतर सर्व शक्यता दूर केल्यावरच करावयाचे असते. अनेक तुकडे घ्यावे लागतात, खोलवरचेही. उपचारानंतर पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरला का ते पाहावे लागते. न भरल्यास पुन्हा तुकडे. जुन्या रोगाचे दुर्मिळ रूप आणि नव्या रोगाचे नेहमीचे रूप यांत निवड करताना मन जुन्याकडे धावते, कारण त्याची ओळख असते. वस्तुतः हिशेब उलटा आहे. सार्कॉइडोसिस जठरात उतरणे ही विरळा गोष्ट. जठराचा कर्करोग त्यामानाने नेहमीचा. एक रोग अंगात असल्याने दुसऱ्याला प्रवेशबंदी होत नाही. उलट, सार्कॉइडोसिसच्या रुग्णांत कर्करोग अधिक होतो काय, हा वाद १९७४ साली डेन्मार्कमधील एका अभ्यासाने सुरू केला आणि तो पुरता मिटलेला नाही.

मनाच्या या ओढीला तत्त्वज्ञानात एक प्रतिष्ठित नाव लाभले आहे. चौदाव्या शतकातील इंग्रज फ्रान्सिस्कन संन्यासी विल्यम ऑफ ऑकम यांच्या नावाने 'ऑकमचा वस्तरा' प्रसिद्ध आहे: एका कारणाने भागत असेल तर दोन मानू नयेत. तर्काच्या दप्तरात हा वस्तरा उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु विल्यम संन्यासी होते, नाभिक नव्हते. जिवंत देहावर तो कसा चालवावा हे त्यांनी सांगितलेले नाही. केपटाऊनचे शल्यविशारद चार्ल्स सेंट आपल्या विद्यार्थ्यांना परस्परांशी नाते नसलेले तीन विकार एकाच रुग्णात कसे सापडतात हे आवर्जून दाखवीत, आणि अमेरिकेतील डॉक्टर जॉन हिकॅम यांच्या नावे तर असे सूत्रच प्रचलित आहे की रुग्णाला वाटतील तितके रोग होऊ शकतात. साधे स्पष्टीकरण सुंदर असते, हे मान्य. पण सौंदर्याची ही आवड आपली आहे, शरीराने ती पाळण्याचे वचन कोणाला दिलेले नाही.

येथवर चुकीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

समजा, त्याच शिक्षिकेच्या व्रणातील तुकड्यात कर्करोगाच्या पेशी स्पष्ट सापडल्या. आता रोग किती पसरला हे पाहण्यासाठी पेट स्कॅन केला जातो. या तपासणीत साखरेसारखे एक किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात. ज्या पेशी अधिक साखर खातात त्या पडद्यावर उजळतात. कर्करोगाच्या पेशी उजळतात. परंतु ग्रॅन्युलोमातील पेशीही तशाच उजळतात! छातीच्या मध्यभागातील ग्रंथी दिव्यांसारख्या चमकतात. यकृतात, प्लीहेत ठिपके दिसतात, कारण सार्कॉइडोसिस तेथेही वस्ती करतो. चित्र पाहणाऱ्याच्या हाती 'जठराचा कर्करोग' हे नाव आहे. तो वस्तरा काढतो आणि सर्व ठिपके त्या एका नावाखाली आणतो: रोग दूरवर पसरला आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. ज्या स्त्रीचा रोग कदाचित जठरापुरता होता, जठराचा भाग काढून जिला बरे करणे शक्य होते, तिला घरी पाठविले जाते.

पहिल्या चुकीत ओळखीच्या नावाने नवे नाव झाकले. दुसरीत भीतीदायक नावाने जुने नाव गिळले. दिशा उलट, पण कृती एकच: 'सारखे' दिसले त्याला 'तेच' म्हटले. तपासावयाचा मार्ग उपलब्ध असूनही हे घडते, ही दुःखाची गोष्ट. श्वासनलिकेतून दुर्बीण व ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुई घालून छातीतील ग्रंथींचा नमुना घेता येतो. त्यात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. क्षयाची चाचणीही त्याच नमुन्यावर होते. अर्थात त्यानेही सर्व संशय फिटतो असे नाही. कर्करोगाच्या रुग्णांपैकी शंभरात चार-पाचांच्या ग्रंथींत सार्कॉइडोसिस नसतानाही तशाच गाठी आढळतात, असे डेन्मार्कमधील हान्स ब्रिंकर यांनी १९८६ साली मांडले. आणि एका ग्रंथीत ग्रॅन्युलोमा सापडले म्हणून शेजारच्या ग्रंथीत कर्करोग नसेलच असेही नाही. तरीपण न पाहता ठरविणे आणि पाहून शंका शिल्लक राहणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

ही भिन्नता नीतीची आहे काय? इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली 'विश्वासाचे नीतिशास्त्र' या आशयाच्या निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुने झालेले, डागडुजीची गरज असलेले. मालकाच्या मनात शंका येते. पण ते आजवर इतक्या सफरी करून सुखरूप परतले आहे, आताही परतेल, ईश्वर या प्रवाशांना सांभाळील, असे स्वतःला समजावीत तो शंका दाबून टाकतो. अखेरीस त्याला अगदी मनापासून खात्री वाटू लागते. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, त्याची खात्री प्रामाणिक होती हे खरे, पण ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज न बुडता पार गेले असते तरी त्याचा दोष तिळभरही कमी झाला नसता.

क्लिफर्ड हे ख्रिस्ती श्रद्धेचे मित्र नव्हते, आणि त्यांचा रोख आपल्यासारख्यांवरच होता, हे मी जाणतो. म्हणून त्यांचे म्हणणे टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या जहाजमालकाने ईश्वराचे नाव घेतले ते डागडुजीचा खर्च वाचविण्यासाठी. तशा नाव घेण्याला पवित्र शास्त्रातील संदेष्ट्यांनी क्लिफर्डपेक्षाही कठोर शब्द वापरले आहेत. परंतु क्लिफर्ड एका ठिकाणी कमी पडतात, आणि ते विल्यम जेम्स यांनी १८९६ साली दाखवून दिले: काही प्रसंगी पुरावा पुरा होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. आमच्या शिक्षिकेचा व्रण कोणाच्या खात्रीची वाट पाहणार नाही. डॉक्टरांना अर्धवट ज्ञानावर कृती करावीच लागते. त्यांना दोष देण्याची घाई ज्यांना आहे त्यांनी एकदा ती जागा डोळ्यांपुढे आणावी. माझ्या मते दोष अपुऱ्या ज्ञानावर कृती करण्यात नाही. कृती करून झाल्यावर प्रश्न मिटला असे मानण्यात आहे. स्टेरॉइड द्यावे, पण अमुक दिवसांनी पुन्हा पाहावयाचे हे त्याच दिवशी ठरवून द्यावे.

लेवीयाच्या तेराव्या अध्यायातील याजक हेच करतो. त्वचेवर चट्टा दिसला आणि निश्चित सांगता येत नसले तर तो त्या मनुष्यास सात दिवस वेगळे ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा पाहतो, आणि गरज पडल्यास आणखी सात दिवस. तेथील 'साराअथ' हा इब्री शब्द आमच्या व्यवसायातील एक मोठे दुखणे आहे. ग्रीकमध्ये त्याचे 'लेप्रा' झाले, त्या वाटेने इंग्रजीत आणि आमच्या जुन्या मराठी भाषांतरात 'महारोग'. पण 'साराअथ' कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही पडत असे! ज्या कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला, तो काही भिंतीला होत नाही. सारखेपणावरून एक नाव दुसऱ्या नावावर बसविले गेले, आणि कितीएक शतके कुष्ठरोग्यांना त्या अध्यायाचे ओझे वाहावे लागले. मूळ अध्यायातील याजक मात्र पुन्हा पाहत होता, हे नाव बसविणारे विसरले.

आता आपल्याविषयी. रुग्णाच्या घरी पाळकसाहेब येतात, मंडळीतील वडीलधारे येतात, दूरच्या गावाहून आत्या-मामा येतात. 'पसरला आहे' हा शब्द कानी पडताच आपल्यातील कोणीतरी म्हणते, "आता तिला जास्त त्रास नको, प्रभूची इच्छा मान्य करू या." हे म्हणणाऱ्याचे अंतःकरण कोमल असते, यात मला संशय नाही. पण प्रभूची इच्छा कोणत्या अहवालात लिहिली होती? छातीतील ग्रंथीचा नमुना अजून घेतलेला नाही. मग आपण जिला शरण जातो ती प्रभूची इच्छा, की पडद्यावरचा एक उजळ ठिपका? नैराश्य हे आशेपेक्षा अधिक सत्यनिष्ठ असते, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. वाईट बातमीवर विश्वास ठेवणारा मनुष्य आपल्याला परिपक्व वाटतो. वास्तविक, न तपासलेले नैराश्यही जहाजमालकाच्या खात्रीइतकेच निराधार असू शकते. याउलट तपासणी पुरी होऊन रोग पसरलेलाच निघाला, तर तिला वेदनाशमन आणि शांती मिळावी म्हणून तपासण्या थांबविण्याचे धैर्यही आपल्यात असावे. मात्र पहिल्या थांबण्याला दुसऱ्या थांबण्याचे पुण्य चिकटवू नये.

आणि तिला स्वतःला काय सांगावयाचे? आपल्या घरांत कर्करोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची रीत आहे. अहवाल जावई किंवा थोरला मुलगा वाचतो आणि खिशात घालतो. या विशिष्ट आजारात ती रीत दयाळूपणाची नाही, हे मी आग्रहाने सांगेन. आपला जुना आजार आठ वर्षे तिने स्वतः सोसला आहे. कोणत्या ग्रंथी केव्हा सुजल्या, मानेतील गाठ पूर्वी होती की नवी आहे, स्टेरॉइड बंद केल्यावर काय झाले, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. नव्या डॉक्टरांसमोर तिला गप्प बसविले की सर्वांत महत्त्वाची साक्ष नाहीशी होते. "बाई, दोन आजार असण्याची शक्यता आहे, कोणता कुठे आहे ते अजून पाहावयाचे आहे," एवढे वाक्य तिला झेपेल. न झेपणारी असते ती दाराआडची कुजबूज.

एक साधी गोष्ट पुष्कळ घरांत हाताशी असते आणि कोणाला आठवत नाही. ज्या वर्षी सार्कॉइडोसिसचे निदान झाले त्या वर्षीचा छातीचा एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅन कपाटाच्या वर, जुन्या पिशवीत, धूळ खात पडलेला असतो. आठ वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात ग्रंथी आजच्या इतक्याच मोठ्या असतील, तर त्या या वर्षीच्या कर्करोगाने सुजविलेल्या असण्याची शक्यता बरीच कमी होते. त्या वेळी काढलेल्या तुकड्याचे मेणातील ठोकळे पॅथॉलॉजी विभागात अजून ठेवलेले असतील तर तेही मागवून पुन्हा पाहता येतात. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर ती पिशवी आज खाली काढा, चित्रे तारखेप्रमाणे लावा, आणि पुढच्या भेटीला सोबत न्या.